तेराव्या वर्षी ओढलेली सिगारेट आणि मुलाची घरघर

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणारे चौतीस वर्षांचे आहेत. अठराव्या वर्षापासून वेल्डिंगचं काम करतात, बहुतेक स्टेनलेस स्टीलवर. तेराव्या वर्षी मित्रांबरोबर चोरून सिगारेट सुरू झाली. त्यांचे वडीलही घरातच ओढायचे. मुलगा चार वर्षांचा आहे. सर्दी झाली की त्याच्या छातीत घरघर सुरू होते, दोन वेळा त्याला दवाखान्यात दाखल करावं लागलं. डॉक्टरांनी ‘दमा असू शकतो’ म्हणून इनहेलर सुरू केला आहे. पत्नी स्वतःला दोष देते: सिझेरियन झालं म्हणून, दूध लवकर सुटलं म्हणून. मध्यंतरी यांच्या वाचनात आलं की पंधराव्या वर्षाआधी सिगारेट ओढलेल्या आणि वेल्डिंग करणाऱ्या वडिलांच्या मुलांमध्ये दमा जास्त आढळतो. त्या दिवसापासून झोप उडाली आहे. पत्नीला यातलं काही सांगितलेलं नाही. दोघांना दुसरं मूल हवं आहे. ते विचारतात, ‘मुलाचा आजार माझ्यामुळे का? दुसऱ्या मुलाचा विचार सोडून द्यावा का? काम बदलावं का? आणि बायकोला हे सांगावं का?’ पत्रात ओझरत्या आलेल्या दोन गोष्टी इथे नोंदवते. सिगारेट ‘आता जवळपास सुटलीच आहे, दिवसाला एक-दोन, तीही घराबाहेर’. आणि पत्नीला ‘लहानपणी दम लागायचा, पण ते केव्हाच गेलं’.

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्राचा बहुतेक भाग त्या तेराव्या वर्षाने व्यापला आहे. आज ओढता त्या सिगारेटींना एक वाक्य मिळालंय. त्या वाक्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुम्ही वाचलेल्या बातमीबद्दल बोलू. ती बातमी खोटी नाही, त्यामुळे ‘असं काही नसतं हो’ म्हणून तुमची समजूत घालणं मला जमणार नाही.

तुम्ही वाचलंत ते बहुधा नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या सेसिली स्वानेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामावर आधारलेलं असावं. त्यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उत्तर युरोपातल्या पाच देशांमधला आहे. आई-वडिलांना त्यांच्या सवयी, त्यांचं काम आणि मुलांचा दमा याबद्दल विचारलं गेलं. मुलांची संख्या होती २४,१६८. पंधराव्या वर्षाआधी सिगारेट धरलेल्या वडिलांच्या मुलांमध्ये एका विशिष्ट प्रकारचा दमा, म्हणजे लहानपणी सुरू होणारा आणि ॲलर्जीशी न जोडलेला, असण्याची शक्यता तिपटीहून थोडी अधिक दिसली. मूल राहण्याआधी वेल्डिंग करणाऱ्या वडिलांच्या बाबतीत ती सुमारे १.८ पट होती, आणि सिगारेटचा हिशेब बाजूला काढल्यावरही ती तशीच राहिली. मूल जन्मल्यानंतर ज्यांनी सिगारेट किंवा वेल्डिंग सुरू केलं, त्यांच्या मुलांमध्ये हा संबंध दिसला नाही. संशोधकांना खरा धक्का बसला तो इथे. कारण मग प्रश्न फक्त घरातल्या धुराचा उरत नाही. मूल पोटात येण्याआधीच वडिलांच्या शरीरात काहीतरी बदलत असावं, अशी शंका घ्यावी लागते.

ते काय असू शकेल? मुलगा वयात येऊ लागतो तेव्हा ज्या मूळ पेशींपासून पुढे आयुष्यभर शुक्राणू तयार होणार असतात, त्या जोमाने वाढायला लागतात. डीएनएचा मजकूर तोच राहतो, पण कोणतं जनुक किती जागं राहील हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा त्यावर असतात. या वयात त्या खुणांची मांडणी चालू असते, आणि त्या काळात आलेला धूर ती मांडणी बिघडवू शकतो, असं हे शास्त्रज्ञ मानतात. बर्गन आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गटाने २०२३ मध्ये ७ ते ५० वर्षं वयाच्या ८७५ जणांच्या रक्ताचे नमुने तपासले. पंधराव्या वर्षाआधी सिगारेट सुरू केलेल्या वडिलांच्या मुलांमध्ये १४ जनुकांशी संबंधित १९ ठिकाणी अशा खुणा वेगळ्या आढळल्या. त्यातल्या काही जनुकांचा संबंध दमा आणि लठ्ठपणाशी लागतो.

इथवर वाचून तुमचा जीव आणखी घाबरा झाला असेल. आता याच अभ्यासांची दुसरी बाजू बघा, जी बातमीत सहसा शेवटच्या ओळीत येते किंवा येतच नाही.

हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. कुणी तेरा वर्षांच्या पोरांचे दोन गट करून एकाला सिगारेट दिलेली नाही, देणारही नाही. तेव्हा जे हाती आहे ते ‘या दोन गोष्टी सोबत दिसतात’ एवढंच. तेराव्या वर्षी सिगारेट धरणारी मुलं बाकी अनेक बाबतींत वेगळी असतात: घर, शाळा, सोबत, पैसा. संशोधक यातलं जेवढं मोजता येतं तेवढं हिशेबात धरतात, पण सगळं मोजता येत नाही. मुलांचा दमाही इथे आई-वडिलांनी सांगितलेला आहे, फुप्फुसाच्या तपासणीतून ठरवलेला नाही. शिवाय पंधराव्या वर्षाआधी सुरुवात केलेले वडील एकूण संख्येत थोडेच, त्यामुळे तो ‘तिपटी’चा आकडाही बऱ्यापैकी सैल आहे. रक्तात सापडलेल्या खुणांचंही तसंच. खूण सापडली म्हणजे त्या खुणेनेच दमा झाला असं सिद्ध होत नाही.

आणि ‘तिप्पट’ म्हणजे कशाच्या तिप्पट, हे विचारायची सवय आपल्याला नाही. समजा, या विशिष्ट प्रकारचा दमा शंभरातल्या पाच मुलांना होतो (हा आकडा मी समजावण्यापुरता घेतला आहे). मग अभ्यासाचं गुणोत्तर जसंच्या तसं लावलं तर वेल्डर वडिलांच्या शंभर मुलांपैकी आठ-नऊ जणांना तो होईल. पंधराव्या वर्षाआधी सिगारेट ओढलेल्या वडिलांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा जणांना होईल. हे वाढलेले आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पण त्याच हिशेबात पंच्याऐंशी मुलांना तो होत नाही, आणि ज्यांच्या वडिलांनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही अशा पाच मुलांना होतो. समोर एक मूल उभं करून ‘याला कशामुळे झाला’ असं विचारलं, तर या अभ्यासांपैकी एकही उत्तर देऊ शकत नाही. ते शंभर मुलांबद्दल बोलतात. तुम्हाला एकाच मुलाबद्दल जाणून घ्यायचंय.

त्या एका मुलाबद्दल बोलायचं, तर तुम्ही स्वतःच दिलेली माहिती तुम्हीच बाजूला सारली आहे. पत्नीला लहानपणी दम लागायचा. दमा घराण्यातून येतो ही गोष्ट जुनी आणि पक्की आहे, वडिलांच्या सिगारेटच्या अभ्यासांपेक्षा कितीतरी भक्कम. तुमच्या पत्रात ती एका स्वल्पविरामाच्या जागेत आली. आता यावरून दोष पत्नीकडे सरकवायचा, असं मी म्हणत नाही. मला फक्त हे दिसतं की, तुम्ही कारण शोधत नाही आहात, गुन्हेगार शोधत आहात आणि तो आधीच ठरवून टाकलाय.

शिवाय चार वर्षांच्या मुलाची घरघर म्हणजे नेहमी आयुष्यभराचा दमा नव्हे. सर्दीच्या विषाणूंनी लहान मुलांच्या अरुंद श्वासनलिका सुजतात आणि वाजतात. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात १९८० पासून जन्मापासूनच्या मुलांचा पाठपुरावा करणारा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यात साधारण एक तृतीयांश मुलांना तीन वर्षांच्या आत कधी ना कधी घरघर झाली होती, आणि त्यातल्या सुमारे साठ टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत ती थांबलेली होती. तुमचा मुलगा त्यात बसेल की नाही, हे काळ आणि डॉक्टर सांगतील. तीननंतरही टिकलेली घरघर, दोनदा दाखल होणं आणि आईचा इतिहास यामुळे डॉक्टर सावध आहेत, ते बरोबरच आहे. पण त्यांनी ‘असू शकतो’ म्हटलं आणि तुम्ही त्याचं ‘आहे’ करून टाकलंत.

दोषाच्या या साखळीला एकदा धरलं की ती कुठे थांबते ते बघा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर १९६१ साली जन्मलेल्या मुलांची १९६८ पासून नोंद ठेवली गेली. पुढे ती मुलं स्वतः बाप झाली, त्यांनाही मुलं झाली. २०२२ मध्ये या कुटुंबांतल्या १,६८९ मुलांबद्दल निष्कर्ष आला: ज्या वडिलांनी पंधराव्या वर्षाआधी, स्वतः न ओढता, घरातल्या मोठ्यांच्या सिगारेटचा धूर घेतला होता, त्यांच्या मुलांमध्ये ॲलर्जीविना होणाऱ्या दम्याचा धोका ५९ टक्क्यांनी जास्त होता. पुढे ते वडील स्वतःही ओढू लागले असतील, तर ७२ टक्क्यांनी. म्हणजे तुमच्याच न्यायाने गुन्हा तुमच्या वडिलांकडे जातो. आईच्या बाजूने गेलात तर आणखी मागे. मुलगी जन्मण्याआधीच तिच्या शरीरातली बीजांडं तयार झालेली असतात. तुमचा मुलगा ज्या बीजांडातून आला ते तुमच्या सासूबाईंच्या गरोदरपणात घडलेलं. कॅलिफोर्नियात २००५ मध्ये असंही दिसलं होतं की, आजीने गरोदरपणी सिगारेट ओढली असेल तर नातवंडांत दमा अधिक आढळतो. आता शिक्षा कुणाला द्यायची? तुमच्या वडिलांना, त्यांच्या हातात सिगारेट देणाऱ्या कंपन्यांना, की एका तेरा वर्षांच्या पोराला? त्या पोराला शुक्राणू म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं. ज्या गोष्टीची माहिती जगातल्या कुणाकडेच नव्हती, ती न पाळल्याचा दोष मी तरी कुणाला देणार नाही. हे अभ्यास तेव्हा झालेच नव्हते.

आणि आता त्या एक-दोन सिगारेटी.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललंय तुमचं. एकवीस वर्षांपूर्वीचा धूर तुम्हाला रात्री झोपू देत नाही, आणि आज संध्याकाळचा धूर ‘जवळपास सुटलाच आहे’. मी हे टोचण्यासाठी लिहीत नाही. भूतकाळावर शोक करणं सिगारेट सोडण्यापेक्षा सोपं असतं, एवढंच. त्यात काही करावं लागत नाही. पण मुलाच्या छातीच्या दृष्टीने पाहिलं, तर या दोहोंपैकी ज्याबद्दल पुरावा अधिक पक्का आहे आणि जे तुमच्या हातात आहे, ते आजचं आहे. वर सांगितलेल्या अभ्यासात जन्मानंतरच्या सिगारेटचा त्या एका प्रकारच्या दम्याशी संबंध दिसला नाही. त्यावरून आताचा धूर निरुपद्रवी आहे, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. गरोदरपणी आईपर्यंत पोचणारा आणि नंतर मुलापर्यंत पोचणारा धूर घरघर वाढवतो, दम्याचे झटके वाढवतो, हे अनेक वर्षांच्या पुराव्याने ठरलेलं आहे. ‘घराबाहेर’ ओढल्याने कमी पोचतो हे खरं, पण कपडे, केस, हात आणि सिगारेट विझवल्यानंतरचे काही श्वास घरात येतातच.

हवा सुधारली की मुलांची छाती सुधारते, याचे दोन दाखले मला फार आवडतात. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानावर बंदी आली. त्याआधी दम्यामुळे दवाखान्यात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होतं. बंदीनंतर ते दरवर्षी सुमारे १८ टक्क्यांनी घटत गेलं. दुसरा दाखला दक्षिण कॅलिफोर्नियाचा. तिथे नव्वदच्या दशकापासून हवा हळूहळू स्वच्छ होत गेली. पंधराव्या वर्षी फुप्फुसाची ताकद चिंता वाटावी इतकी कमी असलेली मुलं सुरुवातीच्या तुकडीत ७.९ टक्के होती, २००७ ते २०११ च्या तुकडीत ३.६ टक्के उरली. त्या मुलांच्या आई-वडिलांचा भूतकाळ कुणी पुसला नव्हता. तरी फरक पडला.

तेव्हा ‘जवळपास’ हा शब्द काढून टाका. दिवसाला एक-दोनवर आलेला माणूस ‘कधीही सोडीन’ म्हणत वर्षानुवर्षं तिथेच राहतो, आणि एखाद्या वाईट आठवड्यात पुन्हा पाकिटावर जातो. निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम, गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेली गोळी, आणि सोबत समुपदेशन. या मदतीने सोडणाऱ्यांना नुसत्या निश्चयाने सोडणाऱ्यांपेक्षा जास्त यश येतं. ई-सिगारेटकडे वळू नका.

दुसऱ्या मुलाच्या बाबतीत एक मुदत तुमच्या उपयोगाची आहे. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे पक्व होऊन बाहेर पडायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आज तुम्ही हवा बदललीत तर साधारण तीन महिन्यांनी जे शुक्राणू असतील, ते पूर्णपणे त्या बदललेल्या हवेत घडलेले असतील. सिगारेटने शुक्राणूंची संख्या घटते आणि त्यांच्या डीएनएला इजा पोचते, हे वेगळ्या अभ्यासांतून माहीत आहे. त्यामुळे प्रयत्न सुरू करण्याआधी निदान तीन महिने पूर्ण धूरमुक्त राहणं अर्थपूर्ण आहे. या तीन महिन्यांनी तेराव्या वर्षीचं काही असलंच तर तेही धुऊन निघेल, असं मात्र मी म्हणणार नाही. ती गोष्ट, असली तर, मूळ पेशींची आहे. पण जे नव्याने लादलं जाणार होतं ते टळेल.

दुसऱ्या मुलाचा विचार सोडावा का? फक्त या कारणासाठी? नाही. किशोरवयात सिगारेट ओढली किंवा वेल्डिंग केलं म्हणून मूल होऊ देऊ नका, असं सांगावं इतका मोठा धोका या अभ्यासांत दिसत नाही. दमा हा सांभाळता येणारा आजार आहे आणि बहुतेक दमेकरी मुलं नीट औषधांवर खेळतात, धावतात. मूल हवं की नको हे ठरवायला पैसा, प्रकृती, पहिल्या मुलाच्या आजारपणात तुमची होणारी ओढाताण, अशी खरी कारणं आहेत. त्यांवर दोघं बसून बोला. या कारणाला त्या बैठकीत खुर्ची देऊ नका.

कामाबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत. मला तिथेच सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं, कारण तिथे करण्यासारखं पुष्कळ आहे. आणि ते तुमच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठीही करायला हवं. वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. स्टेनलेस स्टील वेल्ड करताना धुरात क्रोमियमचं घातक रूप आणि निकेल असतं. ते कण इतके बारीक असतात की नाक-घसा ओलांडून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. डोळ्यांपुढची काळी काच आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीच्या, प्रकाशापासून वाचवते, धुरापासून नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क यात जवळजवळ निकामी आहे.

तरी मी ‘उद्या काम सोडा’ म्हणणार नाही. सोळा वर्षांचं कौशल्य टाकून कमी पगाराच्या कामावर गेलात, तर घराचं उत्पन्न घटेल. त्याचा परिणाम औषधांवर, घराच्या जागेवर आणि तुमच्या स्वभावावर होईल, आणि तोही मुलापर्यंत पोचतोच. आधी धूर बदला. वेल्ड होतं तिथूनच धूर ओढून घेणारी नळी, हा सगळ्यात चांगला उपाय. नुसता छताजवळचा पंखा बऱ्याचदा धूर तुमच्या तोंडासमोरूनच नेतो. वाकून काम करताना डोकं धुराच्या लोटात राहणार नाही अशी जागा घ्या. रंग, तेल, गॅल्व्हनाइझिंग (जस्ताचा थर) काढल्याशिवाय आर्क लावू नका. टाकीत किंवा बंद जागेत काम असेल तर हवेची सोय आणि बाहेर एक माणूस असल्याशिवाय आत जाऊ नका. धातूच्या धुरासाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर मागा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हेही लक्षात असू द्या. मालकाला ‘मला मूल हवंय’ असं सांगायची गरज नाही. कामगाराच्या आरोग्याची मागणी म्हणून मागा, आणि एकट्याने मागण्यापेक्षा चौघांनी मागितलं तर लवकर मिळतं.

कामाचे कपडे कामावरच उतरवा. जमत असेल तर तिथेच आंघोळ करा, नाहीतर घरी आल्या आल्या, मुलाला उचलण्याआधी. ते कपडे वेगळे धुवा. आणि ते पत्नीच धूत असेल तर न झटकता थेट पाण्यात घाला, किंवा तुम्ही स्वतः धुवा.

आता सर्वांत अवघड प्रश्न, पत्नीला सांगण्याचा. तुम्ही लिहिता की सांगितलं तर ती तुम्हाला माफ करणार नाही. कदाचित राग येईल, येऊ दे. पण न सांगण्याची किंमत कोण मोजतंय ते बघा. चार वर्षं ती एकटी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करून बसली आहे: सिझेरियन, दूध, काय खाल्लं, काय नाही. तिला हा प्रश्न शेजारपाजारच्यांनी, नातेवाइकांनी, कदाचित दवाखान्यातल्या अर्जानेही विचारला असेल. बापाला कुणी विचारत नाही. मुलाच्या आजाराची सुरुवात आईच्या नऊ महिन्यांपासून होते असं आपण सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि या संशोधनाने खरं तर तेच गृहीतक हलवलं आहे. मला त्यातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं. तुम्ही गप्प राहता तेव्हा नकळत त्या जुन्या समजुतीला हातभार लावता.

फक्त कबुलीजबाब देऊ नका. ‘माझ्यामुळे झालं’ असं रडत सांगितलंत तर तिला आधी तुमची समजूत घालावी लागेल, आणि तुम्ही तिला एक खोटी गोष्टही सांगितलेली असेल, कारण ‘माझ्यामुळे’ हे ठाऊक नाहीच. मूल झोपल्यावर, घाई नसताना, साधं सांगा: मी असं वाचलं, त्याचा मला त्रास होतोय, त्यात किती खरं-किती अनिश्चित ते मी समजून घेतलं; तू स्वतःला दोष देतेस त्याला तर याहूनही कमी आधार आहे; आणि सिगारेट मी या तारखेपासून पूर्ण बंद करतोय. तारीख सांगाच. तिचा राग त्या आजच्या सिगारेटींवर निघाला तर मला नवल वाटणार नाही, आणि तो रास्त असेल.

तिच्या लहानपणच्या दम्याबद्दलही त्याच वेळी बोला. गर्भधारणेचा विचार असेल तर तिने आधी छाती तपासून घ्यावी. दमा पुन्हा डोकं वर काढू शकतो. गरोदरपणी इनहेलर लागला तर ‘बाळाला बाधेल’ म्हणून तो मनाने बंद करणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. आटोक्यात नसलेला दमा आई आणि बाळ दोघांना औषधापेक्षा जास्त धोक्याचा असतो.

तुमच्यासारखं पत्र न लिहिलेले, पण याच विवंचनेत असलेले आणखी काही वाचक असतील. ज्या बायका वर्षानुवर्षं जंतुनाशकं आणि साफसफाईची रसायनं हाताळतात, त्यांच्यासाठी: २०२२ मध्ये याच संशोधकांच्या वर्तुळातून एक निष्कर्ष आला की, गर्भधारणेआधी कामावर अशा रसायनांचा संपर्क असलेल्या मातांच्या मुलांत दमा अधिक दिसला. मूल झाल्यावर ते काम सुरू केलेल्यांच्या मुलांत तसं दिसलं नाही. फवारण्याऐवजी फडक्यावर घेऊन पुसणं, दोन रसायनं कधीही न मिसळणं, खिडकी उघडी ठेवणं, हातमोजे वापरणं, इतकं तरी आजपासून होऊ शकतं. उलट, २०२० मध्ये कामावरचे जंतू, कीटकनाशकं, रसायनं यांचा मूल होण्याआधीचा संपर्क तपासला गेला, तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलांच्या दम्याशी संबंध सापडला नाही. हा दुसरा अभ्यास तुमच्यापर्यंत बातमी होऊन येणार नाही, म्हणून मुद्दाम सांगितला. ज्यांच्या घरात अकरा ते पंधरा वयाचा मुलगा आहे त्यांनी मात्र या सगळ्या संशोधनाचा सर्वांत जास्त विचार करावा. त्याच्यासमोर घरात ओढू नये, आणि त्याच्या दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडलं तर ‘या वयात करतातच’ म्हणून सोडून देऊ नये.

पुढच्या तपासणीला दोघं मिळून जा. पत्नीच्या बालपणीच्या दम्याचा आणि तुमच्या कामाचा उल्लेख डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता करा. झटका आला तर कोणतं औषध किती वेळा द्यायचं, आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, बोलता-खाता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर कुठे धावायचं, हे कागदावर लिहून घ्या. इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) सोबत न्या, आणि घरी देता तसंच औषध त्यांच्यासमोर मुलाला देऊन दाखवा. औषध बरोबर आणि द्यायची पद्धत चुकलेली, असं फार घरांत असतं.